बागेतला म्हसोबा आणि डावं फूल

मी भाटघरच्या अंगाची, लगीन होऊन भोरात आले, जुन्या पेठंत. सासू हितल्या बागंत झाडायची, तिनं झाडू माझ्या हातात दिला तो अजून हाये. काय सांगू तुमाला, बाग म्हंजी नावाला बाग. झोपाळ्याच्या नुसत्या साखळ्या, गवतात काचा, भर दुपारी दारू पिऊन पडल्याली मानसं. मी खाली मान घालून झाडायची. चिंचंखाली म्हसोबाचा शेंदरी दगुड, तेवढ्या कोपऱ्यात कुनी बाटली फोडत न्हवतं. मी भाकर तितंच बसून खायची, त्याच्या भरवशावर.

मग बाग नवी करायची निघाली. पेठ खूश, मी बी खूश. पर मुकादम आला आन म्हनला, मावशी, उद्या हितं ब्लॉक बसनार, ह्यो दगुड राड्यारोड्यात जाईल बगा. आता देवाला इचारल्याबिगर कसं हलवायचं? आमच्यात कौल लावत्यात. दगडाला पान्यानं दोन फुलं चिकटवायची, उजवं पडलं तर व्हय, डावं पडलं तर न्हाई. म्या लावली. डावं पडलं. परत लावली, परत डावंच. आन सकाळी तर मशीन येनार. मग घातला घमेल्यात, वर पोतं टाकलं आन घरी आनला.

हितंच चुकले. म्हसोबा शिवंवरचा, राखनीचा देव, त्याला घरात घेत न्हाईत, आन घरात माझी सून, सातवा म्हैना. घमेलं मोरीमागं ठेवलं, कुनाला बोलले न्हाई. पेठंतल्या बाया इचारायच्या, आगं म्हसोबा कुठं गेला? मी म्हनायची, मुकादमाला इचारा. सून म्हनायची, आत्याबाई, आज पोटात हालत न्हाई वं, की मी मोरीमागं जाऊन घमेल्याला हात जोडायची. दवाखान्यात नेली, डॉक्टरीनबाई म्हनल्या समदं ठीक हाये. तरी माझं भ्या जाईना.

बाग झाली. ब्लॉक, दिवे, नवं झोपाळं. चिंचंच्या बुडाला टीचभर माती तेवढी उरली. मोरीमागं बसून म्या परत कौल लावला, जागंवर नेऊ का म्हनून, उजवं पडलं, लगीच. पर शेंदरी दिसला तर उचलून फेकत्याल, म्हनून शेंदूर खरवडला. आन ठेवला जागंवर.

आता बाया निवांत फिरत्यात, कुनाला भ्या न्हाई. मी एकलीच भिते. पोरं त्याच दगडावर पाय देऊन चिंचंला लोंबकाळत्यात. सांगावं तर दगुड जातोय, न सांगावं तर देव कोपतोय. आन सुनंचं दिस भरल्यात. रोज पोरं खाली उतरली की पदरानं दगुड पुसते आन म्हनते, देवा, लेकरं हायेत, त्यो पाय माझा समज. डावं फूल म्या मानलं न्हाई, राग धरायचा तर माझ्यावर धर, तिच्या पोटाकडं बगू नगंस.