बकुळाबाईंचा आवाज आणि ते कार्ड

मारलंत ना शेवटी? एका बाईला दोनदा मारलंत! पहिल्यांदा ती आजारपणाने गेली, त्याला इलाज नव्हता, पण दुसऱ्यांदा तुम्ही मारलंत, हळदकुंकू वाहून, झेंडूचा हार घालून, पेढे वाटून! कोण तुम्ही? नाव नाही घेणार मी. ज्याला लागायचं त्याला लागेल.

तुम्हाला सांगते, आमचं भिवंडीतलं वाचनालय... खाली लूम, वर आम्ही, दिवसभर जमीन थरथरते, कपाटातली पुस्तकं आपोआप पुढे सरकतात, अशा जागी मी सर्व्हर उभा केला. का? तर अंजूरच्या बकुळाबाईंची भातलावणीची गाणी जपायला! ज्या शेतात ती म्हटली जायची तिथे आता गोदाम आहे, आणि ही बाई दोन दुपारी ओट्यावर बसून माझ्यासमोर गायली. रेकॉर्डर कॉलेजचा, तो पुसून परत केला, आवाज सर्व्हरवर. जगात तेवढी एकच प्रत!

सर्व्हर हायवेवरच्या वडपे गावातल्या गोदामातून निघालेला, जुना. विकणारा भावेश. मी त्याला म्हटलं, मी यावर फुकटचं, सगळ्यांना खुलं असलेलं सॉफ्टवेअर घालणार, ते एका मशीनच्या पोटात तीन मशीन चालवतं, एकात पुस्तकांची यादी, एकात वेबसाइट, एकात गाणी, आणि चार डिस्कवर माहिती वाटून ठेवायचं काम, रेड म्हणतात त्याला, तेही ते स्वतःच करतं, एक डिस्क मेली तरी बाकीच्या तिघींतून सगळं परत मिळतं, तेव्हा तेच काम करणारं हे तुमचं रेडचं कार्ड काढून टाका. भावेशने असं पाहिलं, जशी मी नव्या गाडीची चाकं काढून मागतेय! "अरे मॅडम, कार्ड ही तो असली चीज है! फुकट का सॉफ्टवेअर, कल को भाग गया तो किसको पकडोगे? कार्ड बसवलंय ना, मग कशाला काळजी?"

कार्ड बसवलंय ना! आमच्या अध्यक्षांना, सुधीर सरांना, हे वाक्य इतकं आवडलं... निवृत्त गणिताचे शिक्षक, माणूस सोन्यासारखा, हे मुद्दाम सांगते, कारण वाईट माणसावर रागावणं सोपं असतं हो! मी समितीपुढे फळ्यावर चित्र काढलं, सर, हे कार्ड मध्ये पडदा धरून बसतं, डिस्क चार, पण आपल्या सॉफ्टवेअरला दिसते एकच, मागे काय चाललंय ते फक्त कार्डाला ठाऊक! त्यापेक्षा चारही सॉफ्टवेअरच्या हाती द्या, मग कुठलीही डिस्क कुठल्याही खणात घाला, ते प्रत्येकीवरची खूण वाचून ओळखतं. सर म्हणाले, "धम्मदिना, बाळ, हातात धरता येतं त्यावर विश्वास ठेवावा." बरं, मग बाहेर एक वेगळी प्रत तरी? एक डिस्क घेऊ? "चार आहेत की! पाचवी कशाला? कार्ड बसवलंय ना!"

आणि आला दसरा. भिवंडीत दसऱ्याला लूम बंद, लूमची पूजा, मोटरची पूजा, वजनकाट्याची पूजा. मी इथे असते तर... पण दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला, दीक्षाभूमीवर. सरांना वाटलं, पोरीचं यंत्र तेवढं पूजेवाचून राहायला नको. प्रेमाने हो! बाहेरून फूल वाहिलं असतं तर पेढा मीही खाल्ला असता. पण नाही, सरांनी मशीन बंद केलं, चारही डिस्क ओढून काढल्या, फडक्याने पुसल्या, पाटावर मांडल्या, एकेकीला हळदकुंकू, आणि परत घातल्या, जी हाताला येईल ती, जो खण दिसेल त्यात! मशीन सुरू केलं. कार्डाने विचारलं, ही मांडणी माझ्या ओळखीची नाही, सगळं पुसून नवी करू का? आणि सर... "अगं, दसऱ्याच्या दिवशी ते नवं करू म्हणतंय, त्याला नाही कसं म्हणायचं? मी हो दाबलं."

हो दाबलं! आणि कार्ड इमानदार, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पुसलं त्याने! मी डिस्क ठाण्याला घेऊन गेले, माहिती परत काढून देतात त्यांच्याकडे. त्या माणसाने आधी कुंकू पाहिलं, मग मला पाहिलं. "डिस्क ठणठणीत आहेत, मॅडम. आत काही नाही." भावेशला फोन केला, तर, "कार्ड तो चालू है ना?" चालू आहे रे बाबा! कार्डाला काय धाड भरलीय!

मग सरांवर ओरडले, जिन्यापर्यंत ऐकू जाईल इतकी. ते म्हणाले, "एवढंच ना? पुन्हा जाऊ अंजूरला, बाईंना पुन्हा गायला सांगू." त्यांना माहीतच नव्हतं! म्हटलं, सर, बाई श्रावणात गेल्या. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले, पुसत बसले... आता तुम्हीच सांगा, उरलेला राग मी कुणावर काढू?

आणि आज बकुळाबाईंचा मुलगा आला, राघो, रिक्षा चालवतो. आईचा आवाज ऐकायला ये असं दसऱ्याआधी मीच बोलावलं होतं. त्याला सगळं सांगितलं, कार्ड, डिस्क, पडदा, खण, हातवारे करून, रडून... तो मग उठला, रिक्षाची किल्ली उचलली आणि म्हणाला, "गान्याचं काय न्हाय ताय, गानं आमचे चुलतीलाबी येतं. पन त्या दुपारी मधीच गानं थांबवून ती माज्यावर वरडली व्हती ना, 'मेल्या, आधी जेव, मंग रिक्षा काढ'... मना तेवढंच आयकायचं व्हतं."