मागच्या बाकापर्यंत

—नाही नाही, बोलू नका बाई! महिनाभर तोंड उघडायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय ना, शिपाईमामांनी दारातच सांगितलं मला. तुम्ही आपलं कपाट आवरा, मी बोलते, तुम्ही नुसती मान हलवा. राजीनामा खरंच दिलात? ...दिलात. अगं बाई! मग आमच्या ठकीचं काय हो? पहिली-दुसरी नुसती मुकी बसली ती, आणि तुमच्या हाताखाली चार महिन्यांत धडा वाचायला लागली — मला वाचून दाखवते, मला! मी सातवी शिकलेली, पुढे तिला काय शिकवणार, कपाळ? सासूबाई टपल्याच आहेत, नसेल जमत तर बसवा घरी — मला बसवलं तशी. म्हणून म्हणते, रजा घ्या, गुळण्या करा, पण जाऊ नका. मला कळत नाही असं नाही हो — दोन वर्ग एकत्र, एकसष्ट पोरं, अर्धा फळा यांना, अर्धा त्यांना, डबासुद्धा वह्या तपासत खायचा, वर ते माहितीचे तक्ते भरा. मला एक पोर आवरताना जीव नको होतो! आणि त्यात कोणीतरी हेडमास्तरांना चिठ्ठी दिली — बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत येत नाही. मग काय, ते रोज खिडकीशी उभे, "मोठ्यानं, बाई, मोठ्यानं!" घसा फाटेल नाहीतर काय होईल? कोणी दिली असेल हो? असेल एखादी आई, घाबरलेली — पोर मागे बसतं, घरी येऊन म्हणतं ऐकूच येत नाही — तिला काय माहीत असं होईल ते? तिला वाटलं, नाव नाही घातलं म्हणजे...

असं का बघताय? हे काय, ठकीची डायरी? हो, रोज मीच लिहिते तिच्यात, जेवली का, खोकला आहे का... आणि ही आत घडी घातलेली — चिठ्ठी. दोन्ही शेजारी कशाला ठेवताय? ...हो. अक्षर. माझंच. म्हणजे तुम्हाला तेव्हापासूनच — थांबा, पण ठकी तर दुसऱ्याच दिवशी पहिल्या बाकावर आली! मला वाटलं, उंची बघून बसवलं. बाई, एका शब्दानं बोलला नाहीत मला? निदान आता तरी ओरडा, रागवा — नाही, ओरडू नका, नका...

दार? हो. जाते. गठ्ठा तरी उचलू लागू का? ...बरं. नको.