हूं म्हणणारं यंत्र

मंडळी, एक सोपा प्रश्न. समोरचा बोलतोय आणि तुम्ही ‘हूं’ म्हणताय, तर तुम्ही ऐकताय का? लगेच माना डोलवू नका. आधी गोष्ट ऐका.

साताऱ्यात शार्दूल खानविलकर नावाचे एक गृहस्थ. बोलके किती? ते बोलायला लागले की भिंतीवरची पाल जांभई द्यायची. मी स्वतः पाहिलीय! तर अशा माणसाच्या मनात आलं, की जगात सगळे नुसते बोलतात, ऐकत कुणीच नाही. हसू नका काकू, असं बहुधा बोलक्या माणसांनाच वाटतं.

वर्षभर खपून त्यानं इंटरनेटवर एक बैठक उभी केली. आपापल्या घरून मोबाईलवर जमायचं आणि शांतपणे, विचार करून बोलायचं. नाव ठेवलं ‘हुंकार’. नियम एकच: एकजण बोलताना बाकी प्रत्येकानं मधूनमधून हूं म्हणायचं. एकाचंही हूं चुकलं, की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप बंद!

आता पंचाईत अशी, की शार्दूललाच हूं म्हणायचं भान राहीना. चाचणीत बिचारे लोक अर्ध्या वाक्यात मुके व्हायचे. मग त्यानं युक्ती केली. स्वतःचं हूं मोबाईलमध्ये भरून ठेवलं — छान, मायाळू, जरा लांबवलेलं. समोरचा थांबला, की यंत्र ते आपणहून सोडणार. उद्घाटनापुरतंच हो, असं त्यानं मनाला समजावलं.

उद्घाटनाला शे-दीडशे माणसं जमली. विषय, ‘घरात आपण एकमेकांचं ऐकतो का?’ पहिली बोलणार त्याची बायको मृण्मयी, शेजारच्या खोलीतून. तेवढ्यात शार्दूलच्या दुसऱ्या मोबाईलवर अभिनंदनाचा फोन आला. त्यानं यंत्र चालू केलं आणि गेला गॅलरीत.

मृण्मयी सांगू लागली. चंद्रपूरच्या कॉलेजात शिकवायची नोकरी मिळालीय. — हूं. उद्या होकार कळवायचाय. — हूं. दोन वर्षं मी तिकडे राहीन, आईंचं पथ्यपाणी तुला बघावं लागेल. — हूं.

ती जरा थांबली. “मग जाऊ मी?”

— हूंऽऽ.

काय टाळ्या पडल्या महाराज! शार्दूल परत येतो तो सगळे त्याला हात जोडतायत, नवरा असावा तर असा म्हणतायत. त्याला वाटलं, आपली बैठक आवडली. तोही हात जोडून हसला. मग कुणीतरी विचारलं, वहिनी चंद्रपूरला गेल्यावर स्वयंपाकाचं काय करणार?

चंद्रपूर?

धावतच तो शेजारच्या खोलीत गेला. मृण्मयी बसली होती, आई मटार सोलत होती.

“अगं, ते हूं माझं नव्हतं. यंत्राचं होतं.”

“माहितीय,” मृण्मयी म्हणाली. “पण गेल्या महिन्यात तुला हेच तीनदा सांगितलं. तेव्हाही असंच हूं आलं होतं. ते कुणाचं होतं?”

आईनं मान वर न करता सांगितलं, “मला तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच कळलं होतं बाबा. मुलाखतीला जाताना दही मीच दिलं तिच्या हातावर.”

उद्घाटन चालू होतं, दीडशे माणसं वाट बघत होती. शार्दूलनं फोन बंद करून टाकला आणि जन्मात प्रथमच ऐकायला म्हणून खाली बसला. म्हणाला, “पुन्हा सांग.”

तिनं सगळं सांगितलं. त्यानं एकदाही हूं म्हटलं नाही. तिला वाटलं, संपलं, हा आता नाही म्हणणार. मग त्यानं विचारलं, “तिकडे राहणार कुठे?”

मृण्मयीच्या डोळ्यांत पाणी आलं. महिनाभर ती एवढ्या एका प्रश्नासाठी थांबली होती.

तुम्ही म्हणाल, बुवा, आमच्याकडे कुठलं असलं यंत्र? वा! नाकाखालीच तर आहे. पेपर वाचताना चालतं, मोबाईल बघताना चालतं, वीजसुद्धा लागत नाही. ऐकलं त्याची खूण हूं नव्हे, त्यापुढचा प्रश्न. पटतंय ना? आणि उद्या पहाटे चारला येऊन देवळाचं सगळं आवार तुम्ही झाडणार, हेही पटतंय ना?

— आलं! खांबापाशी कुणीतरी हूं म्हटलं! या हो, केरसुणी काढून ठेवतो.