गोड बोलण्याचं भेव

वर्ध्याहून समुद्रपूरला निघालेल्या एसटीत मयुरीने डोळे मिटून घेतले, पण कान काही मिटता येईनात. मागच्या सीटवर दवाखान्यातून सुट्टी झालेले भैय्याजी, त्यांची बायको मंदाबाई आणि त्यांच्याच गावची एक बाई बसली होती.

“काऊन वो मंदाबाई, भैय्याजीले एवढं काय झालतं?”

“काई इचारू नको माय. निमोनियानं भरती केलतं. रोज सिस्टरच्या नावानं शिमगा. सुई टोचली का बोंब, चहा थंडा झाला का बोंब. अन् एक दिवस तिले म्हणते, ‘बेटा, तू जेवली का?’”

“मंग? चांगलंच बोलले नं?”

“मलेबी तसंच वाटलं. म्या तं देवाले हात जोडले. पण सिस्टरचं तोंडच उतरलं. मले म्हणते, ‘मावशी, बाबा घरी असे बोलतात का?’ म्या म्हणलं, ‘लग्न झाल्यापासून एकडावबी नाई.’ तशी पळाली, बोटाले तो चिमटा लावला, तं ऑक्सिजन पार खाली गेलता! डॉक्टरले बलावलं, नाकाले नळी लावली, तवा वाचले.”

“अगाई! अन् आता?”

“आता बरे हायेत.”

“मंदा, तू खिडकीपाशी बस. तुले वारा लागंल,” भैय्याजी मधेच म्हणाले.

“अगाई! कंडक्टरभाऊ, गाडी थांबवा! दवाखान्यात वापस घ्या!”

“अवं बयताड बाई, इकून मले ऊन लागून राह्यलं, म्हणून म्हणलं! डोकं हाये का खोकं?”

मयुरीच्या मागे एक लांब सुस्कारा सुटला.

“राहू द्या भाऊ, जाऊ द्या गाडी. बरे हायेत हे.”