काठोकाठ भरलेला पियाला

बिश्केकच्या इस्पितळात, मनाच्या आजारांच्या वॉर्डाबाहेर, कुलीपा भेटीच्या वेळेची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावरच्या दोघी बायकांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं; एक दुसरीला 'एजे', म्हणजे ताई, म्हणत होती.

"सिनेमात बघितलंय मी, सायरा एजे. असल्या आजाराची बाई अंधारात पडून रडत असते. तुझी मीरगुल तर हसायची."

"हसायचीच की. केस विंचरून, ओठ रंगवून दार उघडायची. म्हणून तर मला कळलं नाही."

"मग तिच्याकडे जायचं का सोडलंस?"

"वसंतात गेले होते, तर लेकीनं चहाचा पियाला काठोकाठ भरून दिला."

"सख्ख्या आईला? अगं, ज्याला बसवून घ्यायचं त्याला घोटभरच ओततात, पुन्हा पुन्हा. भरून दिला म्हणजे ऊठ आता."

"तेच झोंबलं मला. चहा तसाच टाकून निघाले, ती पुन्हा तिची पायरी चढले नाही."

"बरं केलंस."

"कसलं बरं. परवा डॉक्टरांसमोर म्हणाली, आई, तू बसावंस असंच वाटत होतं गं. फक्त सारखं उठून चहाच्या समोवारपर्यंत जायचं बळ नव्हतं."

"असलं काही सिनेमात दाखवत नाहीत."

"कोण बघेल? बाई चहा ओतायला उठली नाही, एवढंच तर."

"आणि हा एवढा थोरला थर्मास कशाला?"

"आज मी ओतणार. घोट घोट. नर्स बाहेर काढेपर्यंत."