गिरजाआत्याच्या सहीचा साक्षीदार

मी, गणराज लक्ष्मण पडवळ, वय २४ वर्षे, धंदा – कंपनीच्या कामगारांची बस चालवणे, शिक्षण – बी.कॉम. दुसरे वर्ष, अर्धवट, रा. पडवळवस्ती, चाकणजवळ, ता. खेड, जि. पुणे. आज दि. १६/०८/२०२४ रोजी दुपारी १२.१० वाजता ठाण्यात येऊन, कोणाच्या धाकाशिवाय सांगतो ते असे :

माझे वडील लक्ष्मणराव यांनी गावच्या हायस्कूलमधील पूनम मॅडमविरुद्ध अर्ज दिला आहे की, त्या चर्चेच्या नावाखाली मुलींना घराविरुद्ध भडकवतात. अर्जात साक्षीदार म्हणून वडिलांनीच माझे नाव टाकले आहे. ते आत्ता बाहेर बाकावर बसले आहेत.

मॅडम व मी कॉलेजात एका वर्गात होतो. पुढे त्या शिकल्या, मी नाही. आमच्यात काही नाते नाही. माझी बहीण रुपाली दहावीत आहे, तिला मी रोज गाडीवर आणायला जातो. शाळा घरापासून पाच मिनिटांवर आहे.

दि. १२/०८ रोजी ४.२० वाजता मी वर्गाच्या खिडकीपाशी उभा होतो. मॅडमनी वर्गाचे दोन गट केले होते. विषय, मुलींनी वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागावा का. आमच्याकडे जमीन विकायची ठरली की बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. बहीण हिस्सा सोडते, भाऊ साडी नेसवतो. याला माहेर टिकवणे म्हणतात. रुपाली ‘मागू नये’ या गटात होती. बोलता बोलता ती म्हणाली, आमच्या आत्याला तर बोअरच्या लाइटचा अर्ज आहे सांगून सही घेतली.

मॅडमनी तिला तिथेच थांबवले. म्हणाल्या, “घरातल्या कुणाचं नाव घ्यायचं नाही. प्रश्न एवढाच, की कागदात काय आहे ते सही करणाऱ्याला कळलंय, हे कोण सांगणार?”

एक मुलगा म्हणाला, “साक्षीदार.”

मॅडम “बरोबर” म्हणाल्या. यापलीकडे त्यांनी कोणालाही भडकवलेले मी ऐकले नाही.

त्या रात्री रुपालीने आत्याला फोन करून सही हक्कसोडपत्रावर घेतल्याचे सांगितले. दि. १४/०८ रोजी ११ वाजता वडील, चुलते चिमाजी व आणखी सहा जण शाळेच्या ऑफिसात घुसले. मलाही नेले. चुलते ऑफिसातही गॉगल घालून संस्कृतीवर बोलले. त्यांची संस्कृती जमीन विकल्यानंतर आलेल्या गाडीच्या मागच्या काचेवर लिहिलेली आहे. वडील म्हणाले, शाळेनं पोरींची डोकी फिरवायचा धंदा मांडलाय. वडिलांनी सातबारा सोडून दुसरे काही वाचलेले मी पाहिलेले नाही. शनिवारपर्यंत मॅडमनी लेखी माफी द्यावी, नाहीतर त्यांना काढावे, असे ठरले. मुख्याध्यापक मान हलवत होते. ते कोणाहीपुढे हलवतात.

मॅडम म्हणाल्या, “माफी मागते. आधी त्यात खोटं काय होतं ते सांगा.”

वडील म्हणाले, “समदंच खोटं. कागद वाचून दावलाय माझ्या भनीला. साक्षीदार माझा पोरगा हाय, हितंच उभा हाय. काय रं, व्हय का न्हाई?”

मी “व्हय” म्हणालो.

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मग वह्यांचा गठ्ठा उचलून त्या तासावर गेल्या.

मी ऑफिसात बोललो ते खोटे होते. मे महिन्यात नोंदणी कार्यालयात गिरजाआत्याची सही झाली तेव्हा मी तिच्याशेजारी होतो. आत्याला चष्म्याशिवाय दिसत नाही. चष्मा घरी विसरला होता. वडील तिला म्हणाले, राहू दे, मी हाय ना. माझ्या सहीच्या वर छापले होते की, मजकूर वाचून दाखवला व लिहून देणारीस समजला. कोणी वाचला नाही. मी पण नाही. मी मोबाइलमध्ये पूनम मॅडमचा डीपी बघत होतो. वडिलांनी बोट ठेवले तिथे सही केली. कॉलेजात दोन वर्षे घालवून मला एवढेच येते.

येत्या सोमवारी राखीपौर्णिमा आहे. आत्याने येत नाही असे कळवले आहे.

मॅडमना खूश करायला मी उलटलो असे वडील म्हणतील. म्हणू देत. मॅडम माझ्याशी बोलणार नाहीत हे मला माहीत आहे. त्यांना कामावरून काढू नये.

वरील मजकूर हवालदारांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. मोबाइलचा भाग गाळू का असे त्यांनी विचारले. मी नको म्हणालो व सगळे पुन्हा एकदा वाचायला लावले. मी सांगितले तसेच लिहिले आहे. या वेळी वाचून सही करत आहे.

(सही)
गणराज लक्ष्मण पडवळ