भारतकाकांनी ऑइल वेळेवर बदललं होतं

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या संजीवन रुग्णवाहन समितीचे प्रमुख माननीय वामनराव, व्यासपीठावरच्या डॉक्टर भाग्यलक्ष्मी मॅडम, समितीचे सर्व सदस्य, जैनथहून आणि आसपासच्या गावांतून आलेले पेशंट व त्यांच्या घरची मंडळी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते भारतकाका आणि रुख्मिणीकाकू, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी अश्विनी. मावल्याला गॅरेज चालवते. डायलिसिसच्या पेशंटना आदिलाबादला नेणारी समितीची गाडी चार वर्षं माझ्याकडे दुरुस्तीला येते, म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं. पण काकांविषयी बोलण्याआधी मला माझी एक चूक सुधारायची आहे. अठरा नोव्हेंबरला मी समितीला इंजिनाचा अहवाल लिहून दिला. त्यात एक वाक्य होतं : "इंजिन ऑइल मुदतीत न बदलल्यामुळे इंजिन निकामी झाले." ते वाक्य चुकीचं आहे. ऑइल बदललेलं होतं. भारतकाकांनीच बदललं होतं, आणि वेळेवर बदललं होतं.

काका, बसा. हात नका जोडू. मला शेवटपर्यंत बोलू द्या.

सभागृहातल्या सगळ्यांनाच इंजिन कळतं असं नाही, म्हणून थोडं सांगते. आपल्या गाडीचं इंजिन लहान आहे. तेराशे सीसीच्या आतलं डिझेल, चार सिलिंडर, सोळा वाल्व्ह, टर्बो, पंच्याहत्तर हॉर्सपॉवर. ऑइल मावतं तीन लिटरच्या जरासं वर. एवढ्याशा इंजिनानं पाच माणसं घेऊन दोन-अडीच लाख किलोमीटर जावं, हे थोडं नाही. त्याची दुखणीही ठरलेली. काजळी धरून धुराचा वाल्व्ह अडकतो. डिसेंबरच्या थंडीत ग्लो प्लग दगा देतात, सकाळी गाडी लवकर उठत नाही. ऑइलचा लाल दिवा लावणारा स्विच खराब होतो आणि उगाच दिवा लागतो. आणि सगळ्यात मोठं दुखणं टायमिंग चेनचं. ती चेन ताणून धरतो ऑइलचा दाब. दाब गेला की चेन ढिली पडते, दाते सुटतात आणि वाल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात.

तेरा नोव्हेंबरला जैनथच्या रस्त्यावर हेच झालं. गाडीत तीन पेशंट होते. जयवंताबाई पुढच्या सीटवर होत्या. आज त्या इथे समोर बसल्या आहेत. दोन तासांनी ऑटो मिळाला, त्यांची डायलिसिसची पाळी चुकली, श्वास भरून आला आणि पाच दिवस दवाखान्यात राहावं लागलं. गावात लोक काय बोलले ते तुम्हाला माहीत आहे. मी पुन्हा बोलत नाही.

तो अहवाल मी कसा लिहिला? इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तो चेंबर मी खोललाच नाही. वरचं झाकण काढलं, वाकलेले वाल्व्ह पाहिले, ऑइल बोटावर घेतलं. काळंभोर होतं. डिझेलचं नवं ऑइलसुद्धा चार दिवसांत काळं होतं, हे मला कधीपासून माहीत आहे? शाळेत जायच्या आधीपासून! माझे बाबा भगवंतराव यांनी मला अंक पाटीवर शिकवले नाहीत, पान्यांवर शिकवले. दहाचा, बाराचा, तेराचा. त्यांनीच मला सांगितलं होतं की ऑइलच्या रंगावरून माणसाला दोषी ठरवायचं नसतं. तरी मी ठरवलं. बाबा गेल्यावर कोणी मोठं काम देत नव्हतं, आणि समितीनं अहवाल दोन दिवसांत मागितला होता. ही कारणं आहेत. सबब म्हणून सांगत नाही.

समितीनं काकांना विचारलं, ऑइल कधी बदललं? काका म्हणाले, खंडेनवमीला. तुमच्यातल्या गाडीवाल्यांना सांगायला नको. काका दरवर्षी खंडेनवमीला ऑइल स्वतःच्या हातानं बदलतात, त्या कामाला गाडी गॅरेजला आणत नाहीत. गाडी धुतात, जुनं ऑइल काढतात, नवं भरतात, फिल्टर घालतात आणि मग झेंडूचा हार. समितीच्या खोलीतला डबा वापरतात, म्हणून बिल नसतं. "यंदाच केलं, की मागच्या वर्षीचं आठवतं आहे?" असं कोणीतरी विचारलं. वाईट हेतूनं विचारलं नसेल. पण तुम्हीच सांगा, बावीस वर्षं एकाच दिवशी एकच काम त्याच रीतीनं केलेल्या माणसानं एक वर्ष दुसऱ्यापासून वेगळं कसं काढायचं? आठ दिवसांनी काकांनी राजीनामा दिला.

जुनं इंजिन माझ्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली पडून होतं. सत्तावीस डिसेंबरला काही सुटे भाग निघतात का पाहायला मी ते खोललं. फिल्टरवर छापलेला महिना मागचाच ऑगस्ट होता. मी शेवटचा फिल्टर बसवला होता जुलैत. ऑगस्टमध्ये तयार झालेली वस्तू जुलैत कशी बसेल? तो फिल्टर काकांनी बसवलेला. यंदाच्याच खंडेनवमीचा.

मग मी चेंबर उतरवला. आतली जाळी, जिच्यातून पंप ऑइल ओढतो, ती लाल तुकड्यांनी बुजली होती. तो लाल सिलिकॉन माझा होता. जुलैत चेंबर गळत होता तेव्हा जोडावर मी तो लावला. बारीक रेघ पुरते. मी जाड लावली आणि तिच्यावर आणखी एक ओढली, कारण गळेल की काय याची मला धास्ती होती. माझा स्वभावच तसा आहे. कुलूप लावलं की नाही ते बघायला मी वाटेतून परत फिरते. बाहेर आलेला सिलिकॉन मी पुसून घेतला. आतही तेवढाच गेला असणार हे सुचलं नाही. तो गरम ऑइलमध्ये सुटून जाळीवर बसत गेला आणि दाब गेला.

अजून एक आहे. हे सांगताना मला जास्त लाज वाटते. इंजिन निकामी व्हायच्या सहा दिवस आधी काकांचा फोन आला होता. "पोरी, ऑइलचा लाल दिवा लुकलुकून राह्यला. गाडी उभी करू का?" मी म्हटलं, "काका, स्विच खराब असेल. या इंजिनात होतं तसं. चालवा." ते म्हणाले, "तू म्हणतं तं चालवतो." अहवालाच्या छापील कागदावर एक रकाना होता : चालकानं पूर्वसूचना दिली होती काय? तो मी कोरा सोडला. खोटं लिहिलं नाही, अशी मी माझी समजूत घातली. समितीनं कोऱ्या रकान्याचा अर्थ 'नाही' असा घेतला. दुसरा कोणता घेणार?

काका, हा फोन तुम्ही कोणाला का नाही सांगितलात?

तुम्ही मान हलवता आहात. मला उत्तर माहीत आहे. तीस डिसेंबरला मी हे सगळं सांगायला तुमच्या घरी आले होते. काकूंनी चहा ठेवला. तुम्ही गोळ्यांची पट्टी दाखवलीत. "इसरायची गोयी हाय. डॉक्टर म्हणे, उमरीनं होते. ऑइलचं राह्यलं माह्या हातून अन् मी सगळ्याइले बदललं म्हणून सांगून राह्यलो व्हतो. मंग तो फोन तरी खरा कायवरून? म्हणून नाई बोललो. तुह्यं गॅरेज कालपरवाचं, काऊन नाव घ्याव?" काकू म्हणाल्या, "आता गोयी घेतली का नाई, तेबी मलेच इचारते." आणि हसल्या. मी चहा प्यायले आणि जे सांगायला आले होते ते न सांगताच परत आले. माझा अहवाल चुकला, तर या माणसानं स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवणं सोडलं. त्या गोळ्या माझ्या वाक्यानं लागल्या आहेत.

चार वर्षांपूर्वी हीच गाडी घेऊन ते पहिल्यांदा आले, तेव्हा शेजारचा पार्टवाला म्हणाला होता, "पोरीच्या हाती इंजिन देता का भारतभाऊ?" काका म्हणाले, "भगवंतरावच्या हाताखालची हाय. तू तुह्ये नट मोज." त्या दिवसापासून माझ्याकडे गाड्या येऊ लागल्या.

आणि त्यांचं गाडी चालवणं! परतीच्या वाटेवर जयवंताबाई ओरडायच्या, "भारत, गाडी चालवून राह्यला का बंडी हाकून राह्यला? घरी सून वाट पाह्यते." काका म्हणायचे, "मावशी, आत्ताच रगत धुऊन आनलं तुमचं. हिंदकळू देऊ काय?" जयवंताबाई, तुम्ही हसता आहात. दवाखान्यातून आल्यावर तुम्ही काकांशी बोलणं सोडलं, तेही माझ्यामुळे. आज त्यांच्याशी बोला.

मी लाल सिलिकॉन लावलेल्या आणखी पाच गाड्या होत्या. चार बोलावून चेंबर खोलले. एकीत तुकडे सापडले, ते काढले. पाचवी भैंसा गावची आहे, ती उद्या येते.

वामनराव, शाल देऊन झाली आहे, ती काकांच्या खांद्यावर राहू द्या. ती बावीस वर्षांच्या सेवेची आहे. राजीनाम्याचं काय करायचं हे समितीनं ठरवावं. काकांना परत गाडी हातात घ्यावीशी वाटेल की नाही, मला माहीत नाही. समितीची गाडी पुढे माझ्याकडे पाठवायची का, तेही तुम्हीच ठरवा. पाठवली नाही तर मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे वाटेल, पण तक्रार करणार नाही.

मला बोलू दिलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे, मॅडमचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. निरोपाच्या कार्यक्रमात हे बोलायला नको होतं, असं कोणाला वाटत असेल. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. इंजिनात जे झालं, ते मात्र पोटात घालू नका. सकाळी दहा वाजता ही जाळी, ऑगस्टचा फिल्टर आणि माझ्या सहीचा नवा अहवाल मी समितीच्या कार्यालयात देईन. त्यात तो रकाना भरलेला असेल. तिथून काका-काकूंना घेऊन मी गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांकडे जाईन आणि त्यांना सांगेन की या माणसाला जे आठवत होतं, ते खरं होतं. परवा, सोमवारी, बारा जानेवारीला.